इंग्रजीच्या वर्गात नाटक आलं कुठून? इंग्लंडमधल्या शाळांची पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या बऱ्याच सेकंडरी स्कूलमध्ये इंग्लिश आणि ड्रामा मिळून एकच डिपार्टमेंट असतं, आणि वर्षातून एकदा जे मोठं प्रॉडक्शन होतं त्याची धावपळही बऱ्याचदा तेच शिक्षक करतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं शेक्सपिअरचा देश आहे, असणारच. पण खरं कारण वेगळं आहे. तिथे नाटक शाळेत शिरलं ते भाषा शिकवायला, कला म्हणून नाही, आणि ती भाषा सुरुवातीला इंग्रजी नव्हतीच.

सोळाव्या शतकातल्या ग्रामर स्कूलमध्ये मुख्य विषय लॅटिन. नुसतं व्याकरण घोकून बोलता येत नाही हे तेव्हाच्या मास्तरांना पक्कं माहीत होतं, म्हणून ते प्लॉटस आणि टेरेन्स या रोमन नाटककारांची विनोदी नाटकं मुलांकडून पाठ करून घ्यायचे आणि उभी करायचे, कारण त्यात प्रश्न, भांडणं, टोमणे असं बोलण्यातलं लॅटिन भरपूर. निकोलस युडल १५३४ ते १५४१ ईटन या शाळेचा हेडमास्तर होता, त्यानेच पुढे प्लॉटसच्या धर्तीवर इंग्रजीत सुखात्मिका लिहिली, इंग्रजीतल्या अगदी सुरुवातीच्या सुखात्मिकांमध्ये ती मोजतात. वेस्टमिन्स्टर स्कूलला तर पहिल्या एलिझाबेथ राणीने १५६० मध्ये जे नियम घालून दिले त्यात दरवर्षी नाटक करणं सक्तीचं होतं, केलं नाही तर दंड! कारणही लिहून ठेवलंय, मुलांचा नाताळचा वेळ सत्कारणी लागावा आणि हावभाव आणि उच्चार यांची सवय व्हावी.

मला या काळातला सगळ्यात आवडता माणूस म्हणजे रिचर्ड मलकास्टर. १५६१ मध्ये सुरू झालेल्या मर्चंट टेलर्स स्कूलचा हा पहिला हेडमास्तर, याची पोरं थेट दरबारात राणीसमोर नाटकं करायची. त्याचा एक विद्यार्थी जेम्स व्हाइटलॉक पुढे न्यायाधीश झाला, त्याने लिहून ठेवलंय की या नाटकांतून मास्तरांनी आम्हाला नीट वागायला आणि धीटपणे उभं राहायला शिकवलं. चांगला ड्रामा टीचर आजही पालकांना हेच सांगत असतो. अर्थात ही सगळी मुलांची शाळा, मुलींना यात जागा नव्हती, बायकांच्या भूमिकाही मुलगेच करायचे.

मग १६४२ मध्ये पार्लमेंटच्या हुकमाने लंडनची थिएटरं बंद झाली आणि नाटकाकडे संशयाने बघणं खूप वर्षं टिकलं. मधली दोन-अडीचशे वर्षं फार काही सांगण्यासारखं नाही. काही जुन्या शाळांनी लॅटिन नाटक चालू ठेवलं, ब्रॅडफिल्ड कॉलेजने १८८० च्या दशकात ग्रीक नाटक सुरू केलं आणि त्यासाठी खडूच्या खाणीत उघडं ग्रीक थिएटरच बांधलं. पण ती मोठ्या फी भरणाऱ्यांची हौस होती, साध्या शाळेत इंग्रजी म्हणजे स्पेलिंग, व्याकरण आणि कविता पाठ.

खरा बदल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला. ससेक्समधल्या एका खेडेगावच्या शाळेत हॅरिएट फिनले-जॉन्सन ही बाई इतिहासापासून निसर्गाभ्यासापर्यंत सगळं मुलांकडून नाटक करून घेत शिकवायची. आणि केंब्रिजच्या पर्स स्कूलमध्ये हेन्री कॉल्डवेल कुक नावाचा इंग्रजीचा मास्तर, त्याने बाकं सरळ बाजूला सारली, 'ममरी' नावाची एक खास खोली केली, पडदे, पोशाख, छोटा रंगमंच, आणि शेक्सपिअर तिथे वाचायचा नाही, करायचा. मुलं स्वतः नाटकं लिहायची पण. १९१७ मध्ये त्याने या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. चारच वर्षांनी, १९२१ मध्ये, कवी हेन्री न्यूबोल्ट यांच्या अध्यक्षतेखाली इंग्रजी अध्यापनावर सरकारी अहवाल आला आणि त्यात नाटक करणं हा इंग्रजी शिकण्याचा भाग मानला गेला. म्हणजे मान्यता मिळाली ती इंग्रजीच्या नावाखाली, आणि पुढचा सगळा गुंता इथूनच सुरू होतो असं माझं मत आहे.

१९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर सेकंडरी शिक्षण सगळ्यांना मोफत झालं, आणि तेव्हा एक वेगळाच वाद पेटला. मुलांच्या नाटकावर काम करणाऱ्या पीटर स्लेडने १९५४ मध्ये मांडलं की मुलांचं नाटक हे त्यांच्या खेळातून येतं, लहान मुलांना प्रेक्षकांपुढे स्टेजवर उभं करून ते बिघडवू नका. नंतर डोरोथी हीथकोट आल्या. चौदाव्या वर्षी शाळा सोडून कापडगिरणीत काम केलेली ही बाई पुढे न्यूकॅसलला शिक्षकांना घडवत होती. त्यांच्या वर्गात शिक्षक स्वतः एखादी भूमिका घेऊन मुलांमध्ये शिरायचा आणि मुलांनाच निर्णय घ्यायला लावायचा, संहिता नाही, प्रेक्षक नाही, टाळ्या नाहीत. दुसऱ्या बाजूला मायकल क्रॉफ्ट, लंडनच्या ॲलन्स स्कूलमधला इंग्रजीचा शिक्षक, शाळेतल्या शेक्सपिअर प्रॉडक्शनमधूनच त्याने १९५६ मध्ये नॅशनल यूथ थिएटर उभं केलं, म्हणजे पूर्ण तालीम, पूर्ण प्रयोग, खरा प्रेक्षक. दोन्ही बाजूंनी भरपूर भांडण झालं आणि मला दोन्हीकडचं अर्धं-अर्धं पटतं, कारण शांतपणे शोध घेणारा वर्ग लाजऱ्या मुलाला जे देतो ते प्रॉडक्शन देत नाही, आणि पाचशे लोकांसमोर वाक्य विसरल्यावर मित्राने सावरून घेणं हे कुठल्याच वर्गात शिकवता येत नाही.

या भांडणातून निकाल लागायच्या आत १९८८ चा एज्युकेशन रिफॉर्म ॲक्ट आला. त्याने आणलेल्या नॅशनल करिक्युलममध्ये, म्हणजे सरकारी शाळांच्या ठरलेल्या अभ्यासक्रमात, संगीताला जागा, चित्रकलेला जागा, ड्रामाला स्वतंत्र जागा नाही, तो इंग्रजीच्या पोटात. परीक्षेला स्वतंत्र विषय म्हणून घेता येतो, पण तो ज्याने निवडला त्याच्यापुरता. १९८६ पासून शिक्षणतज्ज्ञ रेक्स गिब्सन केंब्रिजहून शिक्षकांना सांगत होते की शेक्सपिअर ही संहिता आहे, ती उभी राहून करायची असते, आणि खूप शिक्षकांनी ते मनापासून उचललं. पण १९९० च्या दशकात चौदा वर्षांच्या मुलांना शेक्सपिअरवर लेखी परीक्षा आली, ती २००८ मध्ये रद्द होईपर्यंत कित्येक वर्गांत ठरावीक प्रवेशांचीच घोकंपट्टी झाली.

नंतरचं चित्र काळजीचं आहे. २०१० मध्ये शाळांना मोजायचं जे नवं माप आलं, ईबॅक (इंग्लिश बॅकलॉरिएट), म्हणजे किती मुलं ठरावीक विषय घेतात ते बघायचं, त्यात इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास किंवा भूगोल आणि परकी भाषा, कलाविषय एकही नव्हता. ड्रामा घेणाऱ्यांची संख्या तेव्हापासून घसरत गेली. इंग्रजीच्या जीसीएसई, म्हणजे सोळाव्या वर्षी होणाऱ्या परीक्षेच्या, ग्रेडमधून बोलणं-ऐकण्याचे मार्क पण काढून टाकले. आता साहित्याच्या पेपरला पुस्तक जवळ ठेवता येत नाही, त्यामुळे सोळा वर्षांची मुलं नाटकातली वाक्यं पाठ करतात ती कागदावर उतरवायला, तोंडाने म्हणायला नाही. आणि वार्षिक प्रॉडक्शन? ते अजून होतं, पण बहुतेक ठिकाणी शाळा सुटल्यावर, शिक्षकांच्या स्वतःच्या वेळात, जेवणाचा आणि असेंब्लीचा जो हॉल तोच रिकामा मिळेल तेव्हा.