मनगटावरची नाडी आणि छातीतला ठोका: धावताना कोणता आकडा धरायचा?

डिसेंबरातली पहाट, साताऱ्याची बोचरी थंडी. यवतेश्वर घाटाच्या पायथ्याशी आम्ही पाच-सहा जण सावकाश धावत होतो, गप्पा मारता येतील इतकंच. आमच्यातली एक ताई, धावायला लागून जेमतेम तीन महिने झालेली, एकदम थांबली. "दादा, हे घड्याळ ठोके १७२ दाखवतंय हो. मला काही होत तर नाही ना?" चेहरा पार उतरलेला. पण ती सलग बोलत होती, धाप अजिबात नव्हती. मी तिला मानेच्या एका बाजूला हलकेच दोन बोटं टेकवायला सांगितली आणि १५ सेकंद मोजले. ३२ भरले. चारनं गुणले, १२८. थांबल्यामुळे थोडे उतरले असतील असं धरलं, तरी धावताना ते १४०च्या फार वर नसणार. मग तिच्याच घड्याळात मागचा आलेख उघडला. मिनिटाला पावलं किती? १७१, १७२, १७२.

घड्याळ तिची पावलं मोजत होतं आणि तोच आकडा हृदयाच्या नावावर दाखवत होतं.

असा प्रसंग आमच्या ग्रुपमध्ये दर हिवाळ्यात एकदा तरी येतो. कुणी घाबरून धावणं सोडतं, कुणी घड्याळच टाकाऊ ठरवतं. मला दोन्ही पटत नाही. खरी गफलत ही की मनगटावरचं घड्याळ आणि ठोके मोजायला छातीला बांधतात तो पट्टा एकच गोष्ट मोजतात असं आपण धरून चालतो. दोन्हींवर लिहिलेलं असतं 'हार्ट रेट'. मोजतात मात्र वेगवेगळं.

पट्टा मोजतो ठोका. हृदयाचा स्नायू आकुंचन पावण्याआधी त्यातून विजेची एक लहर जाते. छातीच्या त्वचेवर ती जेमतेम एक मिलिव्होल्टच्या घरात जाणवते. पट्ट्याच्या आतले दोन पॅड ती लहर टिपतात आणि प्रत्येक ठोक्याची वेळ नोंदवतात. म्हणजे हा ईसीजीचाच धाकटा भाऊ. फिनलंडच्या पोलार कंपनीनं १९८२ साली बिनतारी पट्टा आणि मनगटावर आकडा दाखवणारं यंत्र बाजारात आणलं, तेव्हापासून खेळाडू हेच तंत्र वापरत आलेत.

घड्याळ मोजतं नाडी. ठोका पडला की रक्ताची लाट धमन्यांतून पुढं सरकते आणि मनगटापर्यंत पोचते. वैद्य अंगठ्याखालच्या धमनीवर तीन बोटं ठेवून तीच लाट पाहतात. घड्याळाच्या नशिबी ती ठसठशीत धमनी नाही. ते बसतं मनगटाच्या पाठीवर, जिथं फक्त त्वचेतल्या बारीक केशवाहिन्या आहेत. घड्याळ उलटं करून पाहा, हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं. लाट आली की त्वचेत रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. लाट ओसरली की वाढतो. या चढउतारांवरून घड्याळ मिनिटाचा आकडा काढतं.

आता धावणाऱ्याचं मनगट डोळ्यांसमोर आणा. हात हलतोय, पाऊल आपटलं की हादरा बसतोय, त्वचेखालचं रक्त त्या हादऱ्यानंही हिंदकळतंय. प्रकाशातला हा चढउतार नाडीच्या चढउतारापेक्षा कितीतरी मोठा असतो. घड्याळात हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, त्याच्या मदतीनं हादऱ्यांचा भाग वजा केला जातो. बहुतेक वेळा हे जमतं. पण थंडीत हातापायांच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, नाडीची खूण पुसट होते, आणि पावलांची लय तेवढी ठळक उरते. घड्याळाचा पट्टा सैल असेल तर आणखीच. मग गणित पावलांना चिकटतं. धावणारे याला 'कॅडेन्स लॉक' म्हणतात. बहुतेकांची पावलं मिनिटाला १५० ते १८० असतात आणि जोराच्या धावण्यात ठोकेही तिथंच असतात, म्हणून हा खोटा आकडा दिसायला खरा वाटतो. फसवतो तो यामुळेच.

ओळखायची एक सोपी खूण आहे. संशय आला की चालायला लागा. आकडा चार-पाच सेकंदांत १७२ वरून १३० वर कोसळला, तर तो हृदयाचा नव्हताच. खरं हृदय इतकं उतरायला निदान मिनिटभर तरी घेतं.

दुसरा फरक वेळेचा. नाडीची लाट मनगटाशी पोचायला सेकंदाचा एखादा छोटा अंश लागतो, त्याचं काही नाही. पण घड्याळ काही सेकंदांची सरासरी काढून मगच आकडा दाखवतं. ४०० मीटरच्या जोरदार फेऱ्या मारत असाल, तर फेरी अर्धी होईपर्यंत घड्याळ अजून मागच्या विश्रांतीतच असतं, आणि तुम्ही दम घेत उभे राहिलात की त्याचा आकडा शिखरावर पोचतो. पट्टा जवळपास ठोक्यासरशी हलतो. अशा जोर-विश्रांतीच्या फेऱ्या, म्हणजे इंटरव्हल, करणाऱ्याला म्हणूनच मी छातीचा पट्टाच सांगतो. जिममध्ये डंबेल उचलताना किंवा सायकलचं हँडल घट्ट धरल्यावर मनगटाचे स्नायू ताणले जातात, तेव्हाही घड्याळ चाचपडतं.

हे काही माझं एकट्याचं निरीक्षण नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी ५० निरोगी माणसांना ट्रेडमिलवर धावायला लावून चार मनगटी यंत्रं आणि छातीचा एक पट्टा खऱ्या ईसीजीशी ताडून पाहिला. पट्ट्याचा ईसीजीशी मेळ ०.९९ निघाला (१ म्हणजे तंतोतंत), घड्याळांचा ०.८३ ते ०.९१. स्टॅनफर्डच्या २०१७ च्या अभ्यासात मनगटावरच्या सात यंत्रांपैकी सहांची ठोक्यांमधली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीच्या बाबतीत मात्र सगळ्यांत बरं यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. तेव्हा घड्याळानं दाखवलेल्या ६०० कॅलरींच्या भरवशावर घरी येऊन दोन वडापाव जास्त खाऊ नका, हे मी मनापासून सांगतो.

आपल्याकडे आणखी एक शंका हमखास विचारली जाते: सावळ्या रंगावर घड्याळ चुकतं का? रंगद्रव्य हिरवा प्रकाश शोषतं हे खरं. पण ड्यूक विद्यापीठात ५३ जणांवर वेगवेगळ्या त्वचेच्या छटा घेऊन झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रंगामुळे ठोक्यांच्या अचूकतेत लक्षणीय फरक दिसला नाही. फरक दिसला तो हालचालीचा: बसलेलं असतानापेक्षा हालचालीत चूक सरासरी ३० टक्के जास्त. सेन्सरच्या खाली गोंदलेलं असेल तर मात्र अडचण येते. शाई प्रकाश अडवते, दुसऱ्या हातावर घाला.

पट्टा म्हणजे बिनचूक, असंही समजू नका. त्याचे पॅड ओले असावे लागतात. हिवाळ्यात घाम यायच्या आधी कोरडा पट्टा पहिल्या किलोमीटरला २१०, २२० असे वेडेवाकडे आकडे देतो. वरून पॉलिस्टरचा सैल टी-शर्ट फडफडत असेल तर त्याची स्थिर वीजही मिसळते. पाण्यानं पॅड भिजवून मगच बांधा. घरी आल्यावर धुवा, नाहीतर घामाचं मीठ महिन्या-दोन महिन्यांत पट्ट्याची वाट लावतं. काहींना तो काचतो, काही मुलींना ब्राच्या पट्टीखाली तो नकोसा होतो. त्यांच्यासाठी दंडावर बांधायचा प्रकाशाचा पट्टा हा चांगला मधला मार्ग आहे. मोजतो नाडीच, पण दंड मनगटाइतका हिंदकळत नाही.

आणि एक जागा अशी आहे जिथं घड्याळच जिंकतं: झोप. रात्री हात स्थिर, रक्त उबदार, नाडी स्वच्छ. विश्रांतीतले ठोके रोज ५२ असणाऱ्याला एके सकाळी ६० दिसले, तर ताप येऊ घातलाय किंवा आदल्या दिवसाचा थकवा उतरलेला नाही हे आधी कळतं. छातीला पट्टा बांधून कोण झोपणार?

ईसीजीवाल्या घड्याळांनी गोंधळ आणखी वाढवलाय. ॲपलनं २०१८ मध्ये घड्याळात ईसीजी आणला, नंतर इतरांनीही. पण तो घेताना दुसऱ्या हाताचं बोट घड्याळाला टेकवून अर्धा मिनिट स्वस्थ बसावं लागतं, तेव्हाच दोन हातांमधून विजेचं वर्तुळ पूर्ण होतं. धावताना दिसणारा आकडा त्याही घड्याळात हिरव्या दिव्यांचाच.

ठोका आणि नाडी यांची फारकत सगळ्यांत गंभीर होते ती आजारात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाची लय बिघडते, काही ठोके इतके दुबळे पडतात की त्यांची लाट मनगटापर्यंत पोचतच नाही. छातीत ११० ठोके आणि मनगटावर ९० नाडी, असं होऊ शकतं. म्हणून डॉक्टर स्टेथोस्कोपनं ठोके ऐकतात आणि त्याच वेळी मनगटावर नाडी मोजून दोन्हींतला फरक पाहतात. खेळाचा पट्टाही इथं निदान करत नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, धडधड थांबेना, तर आकडा काहीही असो, थेट डॉक्टरकडे.

ताईच्या घड्याळात एक नुकसान आधीच झालेलं होतं. ते १७२, १७४ खरे मानून घड्याळानं तिचे झोन, म्हणजे सावकाश ते जोराच्या धावण्याचे ठोक्यांचे टप्पे, स्वतःच बदलले होते आणि सावकाश धावण्यात इतके ठोके लागतात म्हणजे हिचा दमसास कमी, असाही हिशोब मांडला होता. आम्ही कमाल ठोक्यांची आपोआप होणारी दुरुस्ती बंद केली. कमाल ठोके काढायचं '२२० वजा वय' हे सूत्रही माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे होतं, त्यामुळे तेही घट्ट धरलं नाही. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकवलं, एक भोक घट्ट केलं, घरातच पाच मिनिटं जागेवर उड्या मारून हात गरम करूनच बाहेर पडायचं ठरवलं.

पुढच्या रविवारी तिनं माझा जुना पट्टाही बांधला आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले. घाट चढताना दोन्ही रेषा एकमेकींवर: ठोके १६८, पावलंही १६८. चढावर घड्याळ खरं बोलत होतं की पावलं मोजत होतं, हे कळायला मार्गच नव्हता. उत्तर मिळालं ते उतारावर. पट्ट्याची रेषा हळूहळू १४५ पर्यंत खाली आली, पावलं १७६ वर गेली, आणि घड्याळाची रेषा या वेळी पट्ट्याच्या मागोमाग खाली उतरली.