एमटीबीई: पेट्रोलमधले रसायन विहिरीत कसे उतरले

पेट्रोलमधून शिसे काढायचे, तर ऑक्टेन (इंजिनात ठोके न देता जळण्याची पेट्रोलची क्षमता) वाढवायचा कशाने? १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या रिफायनऱ्यांपुढे हा पेच होता, कारण नव्या गाड्यांतले धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशाने निकामी होत. त्यातून पुढे आले मिथाइल टर्शरी ब्युटाइल ईथर, म्हणजेच एमटीबीई. मिथेनॉल आणि आयसोब्युटिलीन आम्लधर्मी रेझिनवरून नेले की ते तयार होते. ऑक्टेन ११० च्या आसपास, वजनात १८ टक्के ऑक्सिजन, जो इंधन पुरते जळायला मदत करतो. शिवाय ते रिफायनरीतच मिसळून पाइपलाइनने पाठवता येते. इथेनॉल वाटेतले पाणी ओढते, म्हणून ते डेपोवर मिसळावे लागते.

१९७९ मध्ये पेट्रोलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत एमटीबीई मिसळायला परवानगी मिळाली. खप फुगला तो १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्तीनंतर. १९९५ पासून सर्वाधिक धुरके असलेल्या शहरांत पेट्रोलमध्ये वजनाने २ टक्के ऑक्सिजन सक्तीचा झाला आणि तेवढ्यासाठी ११ टक्के एमटीबीई लागे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा कार्बन मोनॉक्साइड त्याने घटला, हे मान्य करायलाच हवे.

बिघडले ते जमिनीखाली. पंपांच्या टाक्या आणि पाइपांचे जोड आधीही गळतच होते. पण गळलेल्या पेट्रोलमधले बेंझिन काही प्रमाणात मातीला धरून राहते आणि जिवाणू ते खातात. एमटीबीई लिटरभर पाण्यात ४० ग्रॅमहून जास्त विरघळते, मातीला चिकटत नाही, आणि त्याचा ईथर बंध जिवाणूंना सहजी तुटत नाही. भूजल वाहील तिकडे तेही जाते. लिटरमागे २० ते ४० मायक्रोग्रॅम असले तरी पाण्याला टर्पेंटाइनसारखा वास येतो. हिशेब मांडून पाहा: एक लिटर एमटीबीई, म्हणजे ७४० ग्रॅम, ३.७ कोटी लिटर पाणी २० मायक्रोग्रॅमवर नेते. सक्रिय कोळशाच्या गाळणीतही ते फारसे अडकत नाही. कोळसा वारंवार बदलावा लागतो.

१९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला विहिरी बंद कराव्या लागल्या आणि जवळपास निम्मा पाणीपुरवठा गेला. मार्च १९९९ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी एमटीबीई हटवण्याचा आदेश काढला. अंमल २००३ च्या अखेरीस झाला. २००५ च्या ऊर्जा कायद्याने ऑक्सिजनची सक्तीच उठवली आणि रिफायनऱ्या इथेनॉलकडे वळल्या.

इथेनॉल जिवाणू लवकर फस्त करतात. पण टाकीत पुरेसे पाणी शिरले तर ते पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाशी बसते. म्हणूनच आपल्याकडेही पंपावर डिपरॉडला (टाकीत बुडवायच्या मोजपट्टीला) पाणी ओळखणारी पेस्ट लावून तळ तपासतात, आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी ही पेस्ट वेगळी लागते.