ॲशलिंग

ॲशलिंग : आयरिश भाषेतील स्वप्नकाव्याचा प्रकार. शब्दाचा मूळ अर्थ स्वप्न किंवा दर्शन. १८व्या शतकात आयर्लंडच्या दक्षिणेकडील मन्स्टर प्रांतात हा प्रकार भरास आला. कवीला एकांतात एक अलौकिक सुंदरी दिसते, तो तिला तिचे नाव विचारतो आणि ती आपण आयर्लंड असल्याचे सांगते, असा त्याचा ठरलेला सांगाडा आहे. पाठ्यपुस्तकांत त्याला सहसा ‘राजकीय रूपक’ म्हटले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. ॲशलिंगच्या मुळाशी प्रेमज्वराची एक फार जुनी कथा आहे आणि ती बाजूला ठेवली, तर या कवितांमधली तळमळ उसनी वाटू लागते.

ही कथा म्हणजे साधारण ८व्या शतकात रचलेली ‘एंगसचे स्वप्न’. ती १६व्या शतकातल्या एकाच हस्तलिखितात टिकून राहिली. दाग्दा हा देव आणि बोइन नदीची देवता बोअन यांचा मुलगा एंगस झोपेत एका मुलीला पाहतो. हात पुढे करताच ती नाहीशी होते. दुसऱ्या रात्री ती तंतुवाद्य घेऊन येते आणि वाजवून त्याला झोपवते. असे वर्षभर चालते. त्याचे अन्न तुटते, पण तो कोणाला काही सांगत नाही. शेवटी फिंगेन नावाचा वैद्य त्याच्या तोंडाकडे पाहूनच ओळखतो की, हा समोर नसलेल्या कुणाच्या तरी प्रेमाचा आजार आहे. आई वर्षभर शोध घेते, पण मुलगी सापडत नाही. मग मन्स्टरमधल्या सिद्यांचा, म्हणजे टेकड्यांच्या पोटात राहणाऱ्या दिव्य लोकांचा, राजा बोव आणखी एक वर्ष घेऊन तिचा पत्ता लावतो. तिचे नाव कैर. ती एक वर्ष पक्षी असते आणि एक वर्ष माणूस.

तिचा बाप एथल आनबुअल याला पकडून मुलगी मागितली जाते, तेव्हा तो म्हणतो की ते माझ्या हातात नाही, तिची शक्ती माझ्यापेक्षा मोठी आहे. मग साउनच्या दिवशी, म्हणजे हिवाळ्याच्या आरंभीच्या सणाला, एंगस तळ्यावर जातो. तिथे दीडशे हंस असतात. तो तिला हाक मारतो. पुन्हा पाण्यात परतू देण्याचे वचन मिळाले तरच येईन, असे ती सांगते. तो वचन देतो आणि स्वतः हंस होतो. दोघे तळ्याभोवती तीन फेऱ्या मारून ब्रू ना बोइनकडे, म्हणजे आजच्या न्यूग्रेंज या प्राचीन दफनटेकडीकडे, उडून जातात. त्यांच्या गाण्याने तिथले लोक तीन दिवस तीन रात्री झोपून राहतात. इथे मुलगी कोणाचे प्रतीक नाही. अट तिची आहे आणि पुरुषाला तिच्या रूपात जावे लागते. पुढच्या हजार वर्षांत नेमके हेच हरवले.

दुसरा धागा राज्याभिषेकाचा. प्राचीन आयरिश कल्पनेत राजाचे त्याच्या भूमीशी लग्न लागते. या विधीला ‘फेश’ म्हणत. नऊ ओलिसांचा नियल या राजाच्या कथेत विहिरीवर एक किळसवाणी म्हातारी बसलेली असते. पाणी हवे तर चुंबन दे, असे ती म्हणते. भाऊ कचरतात, नियल तयार होतो, तशी ती तरुण आणि देखणी होते व ‘मी राज्यसत्ता’ असे सांगते. खरा राजा मिळाला की भूमी फुलते आणि खोटा बसला की ती झुरते, हा समज इथून आला.

१६९० मध्ये बोइनच्या लढाईत आणि १६९१ मध्ये लिमरिकच्या शरणागतीत कॅथलिक पक्ष हरला, त्या पक्षाचा, स्टुअर्ट घराण्यातला राजा दुसरा जेम्स फ्रान्समध्ये परागंदा झाला आणि कवींना पोसणाऱ्या घराण्यांच्या जमिनी गेल्या. तेव्हा हे दोन धागे एकत्र आले. भूमी विरहिणी झाली आणि तिचा पती समुद्रापलीकडे. केरीच्या श्लीव लुआख्रा भागातला एगान ओ राहिल्ये (सु. १६७०–१७२९) हा या प्रकाराचा सर्वांत मोठा कवी. त्याच्या ‘गिल्ये न गिल्ये’ (तेजांचे तेज) या कवितेत सुंदरी कवीला वाटेत भेटते, तो तिच्या मागे धावतो आणि एका जादूच्या वाड्यात पोचतो. तिथे ती एका बेढब गावंढळाच्या ताब्यात असते. ‘माक अन ख्यानी’ (व्यापाऱ्याचा मुलगा) या कवितेत तर तो तिला सांगतो की, तू ज्याची वाट पाहतेस तो मेला. ऐकताच तिचा प्राण जातो. पुढच्या पिढीतल्या कवींना असा शेवट झेपला नाही.

रचनेचे टप्पे असे : जागा (नदीकाठ, रान, बहुधा धुके), कवीचा थकवा किंवा झोप, मग सुंदरीचे केस, डोळे, गाल, आवाज. केसांना सर्वांत जास्त ओळी मिळतात. त्यानंतर प्रश्नमालिका : तू व्हीनस की हेलन की (आयरिश कथांतली) दिअर्द्रा? ती एकेक नाव नाकारते, स्वतःची ओळख देते आणि राजा परतेल असे भाकीत करते. या सुंदरीला ‘स्पेरव्हन’, म्हणजे आकाशस्त्री, म्हणतात. शेवटी काही कवितांत ‘क्यांगल’, म्हणजे गाठ, हे वेगळ्या चालीचे कडवे असते.

छंद ‘अवरान’ जातीचा. मराठी यमकात शेवटची अक्षरे जुळतात. इथे ओळीतल्या आघातयुक्त स्वरांचा अख्खा क्रम पुढच्या प्रत्येक ओळीत जुळावा लागतो, व्यंजने कोणतीही चालतात. ‘गिल्ये न गिल्ये’च्या पहिल्या कडव्यात प्रत्येक ओळ आधी दीर्घ ‘ई’ आणि मग ‘उअ’ या स्वरांवर संपते. भाषांतरात सर्वांत आधी हेच बुडते. उरते ती विशेषणांची माळ, आणि मग वाचकाला कवी शब्दबंबाळ वाटतो. मूळ ऐकताना तीच माळ स्वरांच्या फेऱ्यांसारखी कानावर येते.

ओअन रुआ ओ सूलिवान (१७४८–८४) हा भटका मजूर, शिक्षक आणि आरमारी खलाशी. ‘गोड गळ्याचा ओअन’ हे त्याचे लोकांनी ठेवलेले नाव. त्याच्या ॲशलिंग लोकप्रिय चालींवर गायल्या गेल्या. पण १७६६ मध्ये स्टुअर्ट गादीचा जुना दावेदार, म्हणजे परागंदा राजाचा मुलगा, वारल्यावर पोपनेही त्याच्या मुलाला राजा मानले नव्हते. भाकीत पोकळ झाले, चाल मात्र टिकली. नेमक्या याच काळात, १७८० मध्ये, क्लेअर परगण्यातल्या ब्रायन मेरिमनने ‘मध्यरात्रीचे न्यायालय’ हे हजारावर ओळींचे काव्य रचले. तळ्याकाठी झोपलेल्या कवीपुढे सुंदरीऐवजी एक अक्राळविक्राळ बाई येते आणि त्याला बायकांच्या कोर्टात ओढून नेते. तिथे खटला चालतो तो लग्न टाळणाऱ्या पुरुषांवर.

ओळखताना दोन चुका नेहमी होतात. ‘रोशीन दूव’ (काळे छोटे गुलाब) मुळात प्रेमगीत होते, आयर्लंडचा अर्थ त्यावर नंतर चढला. त्यात स्वप्न नाही, म्हणून ते ॲशलिंग नव्हे. शॉन क्लारख माक डोनिलचे ‘मो गिल्ये मार’ हेही तसेच. त्यात आयर्लंड बोलते, पण दर्शनाचा प्रसंग नसल्याने तो विलाप ठरतो.

आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्सने सुंदरी परत एंगसकडे नेली. १८९७ मध्ये प्रथम छापलेल्या आणि १८९९ च्या संग्रहात आलेल्या त्याच्या ‘भटक्या एंगसचे गाणे’मध्ये हेझलच्या काठीने धरलेला मासा केसांत सफरचंदाची फुले माळलेली मुलगी होतो, नाव घेऊन हाक मारतो आणि विरून जातो. येट्सचे जिच्यावर प्रेम होते ती मॉड गॉन १८८९ मध्ये पहिल्यांदा भेटली त्या आठवणीतही येट्सने सफरचंदाचा मोहोर ठेवला आहे. १९०२ मध्ये त्याने लेडी ग्रेगरींबरोबर लिहिलेल्या ‘कॅथलीन नी हूलिहान’ या नाटकात रंगमंचावर मॉड गॉनच भूमीची म्हातारी झाली. ती तरुण होते, पण चुंबनाने नव्हे, तिच्यासाठी मरायला निघालेल्या मुलामुळे. पुढे वृद्ध येट्सला या नाटकाने काही माणसांना मृत्यूकडे धाडले का, हा प्रश्न छळत राहिला.

शेमस हीनीने ‘ॲशलिंग’ नावाची कविता १९७५ मध्ये संग्रहात घेतली. पॉल मल्डूनने १९८३ मध्ये त्याच नावाच्या कवितेत देवतांच्या प्रश्नमालिकेत ‘की ॲनोरेक्सिया?’ असे अन्न टाळण्याच्या आजाराचे नाव घातले. मागे उत्तर आयर्लंडच्या तुरुंगात १९८१ च्या उपोषणात मेलेल्या रिपब्लिकन कैद्यांची सावली आहे. नुआला नी गोनिलने आयरिशमध्येच लिहून आपल्या १९९१ च्या संग्रहाला ‘फेश’ हे जुन्या विधीचे नाव दिले. तिची कॅथलीन जुन्या वैभवाचे तुणतुणे सोडत नाही. ईव्हन बोलंडचा आक्षेप अधिक मूलगामी होता : पुरुष कवींनी देशाला बाई केले आणि खऱ्या बायांना कवितेतून घालवले. पॅट्रिक पिअर्सच्या १९१२ च्या ‘मिश एरे’ (मी आयर्लंड) या कवितेचेच शीर्षक घेऊन तिने उत्तर लिहिले. त्यात आकाशस्त्री नाही. लष्करी छावणीभोवती वावरणारी एक बाई आहे आणि देश सोडून चाललेल्या जहाजावर, थंडीत, अर्धमेले मूल छातीशी धरून उभी असलेली दुसरी.