स्वस्त वाइनच्या बाटलीत प्लास्टिकचं बूच आलं कुठून?

रोजच्या जेवणासोबतच्या स्वस्त वाइनमधून प्लास्टिकचं बूच निघालं की ‘कंपनीने पैसे वाचवले’ असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं. प्लास्टिकला वाट करून दिली ती अस्सल बुचाच्या धंद्यानेच.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्ट्यांतून जाड, मजबूत काचेच्या बाटल्या निघू लागल्या आणि बूच रुळलं. ते बनतं कॉर्क ओकच्या सालीपासून. (पुण्यात रस्त्यावर पांढऱ्या फुलांचा सडा घालणारं आपलं बुचाचं झाड वेगळं.) जगातलं जवळपास निम्मं कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येतं. झाड पंचविशीत आलं की पहिली साल काढतात, पुढे दर ९ वर्षांनी. पहिल्या दोन खेपांची साल ओबडधोबड. अखंड बूच कापता येईल अशी साल तिसऱ्या खेपेला, म्हणजे झाडाने चाळिशी ओलांडल्यावर मिळते. कुऱ्हाडीने साल सोलून झाली की उघड्या खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवतात. ४ दिसला आणि सोलणी २०२४ ची असली, तर पुढची २०३३ मध्ये. मागणी वाढली म्हणून साल लवकर येत नाही. उत्तम साल महागड्या बाटल्यांकडे जाते, छिद्राछिद्रांची स्वस्त वाइनच्या वाट्याला.

त्यात वासाचं दुखणं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्विस संशोधक हान्स टानर यांनी त्याचं मूळ दाखवलं: टीसीए नावाचं रसायन. सालीवरची बुरशी आणि क्लोरिनयुक्त द्रव्यं एकत्र आली की ते तयार होतं, आणि बुचं तर क्लोरिननेच धुतली जायची! लिटरमागे काही नॅनोग्रॅम टीसीए असलं तरी वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो.

१९९० च्या दशकात प्लास्टिकची बुचं बाजारात आली ती या वैतागावर. सुरुवातीची साच्यात ओतलेली बुचं बाटलीतून निघता निघायची नाहीत, निघाली तर पुन्हा बसायची नाहीत, आणि कडेने हवा आत शिरायची. १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या नोमाकॉर्क कंपनीने आत फेस आणि बाहेर लवचिक आवरण असं दुपदरी बूच आणलं. वर्षभरात संपणाऱ्या वाइनला ते पुरेसं होतं, आणि स्वस्त वाइन त्याहून जास्त ठेवतो कोण? २००० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीच्या, रिझलिंग ही पांढरी वाइन बनवणाऱ्यांनी तर बूचच सोडून आट्यांचं झाकण घेतलं, पाठोपाठ न्यूझीलंडही. आपल्याकडे नाशिकच्या सुलानेही हे झाकण वापरलं.

एवढं झाल्यावर बूचवाले जागे झाले. क्लोरिनची धुलाई थांबली. डियामसारख्या कंपनीने सालीचा भुगा उच्च दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने स्वच्छ करून, चिकटद्रव्य घालून दाबून बुचं बनवली. त्यामुळे आज स्वस्त बाटलीतलं तपकिरी बूच हे अखंड सालीचं असेलच असं नाही. कडेने बारीक रवाळ कण दिसले, तर ते भुग्याचं.