मूत्रमार्ग संसर्गातील चिवट जीवाणू

योग्य प्रतिजैविक पूर्ण मुदतीत घेऊनही मूत्रमार्गात जिवंत उरणारे आणि औषध थांबल्यावर पुन्हा वाढणारे जीवाणू. यांना प्रतिरोधक जीवाणूंच्या खात्यात टाकण्याची चूक सर्रास होते. उन्हाळी लागते, लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जीवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, औषधापुढे ‘एस’, म्हणजे सेन्सिटिव्ह (त्या औषधाला दबणारा), असे येते, गोळ्या संपतात. काही आठवड्यांनी पुन्हा जळजळ, पुन्हा कल्चर आणि औषधापुढे पुन्हा तोच ‘एस’. प्रतिरोधक जीवाणू औषध असतानाही वाढतो. चिवट जीवाणू वाढत नाही, नुसता मरत नाही. त्याची पुढची पिढी त्याच औषधाने मरते. आयरिश जीवाणुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी पेनिसिलिनला पुरून उरलेल्या स्टॅफिलोकॉकसमध्ये हे पाहिले आणि १९४४ मध्ये अशा पेशींना ‘पर्सिस्टर’ हे नाव दिले.

मूत्रमार्गात बहुतेक वेळा गाठ पडते ती ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूशी. अंगावरच्या बारीक तंतूंच्या टोकाशी असलेल्या फिम-एच या प्रथिनाने तो मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतो आणि थेट पेशीत शिरतो. तिथे त्याचे गठ्ठे वाढतात. काही जीवाणू खालच्या थरातील पेशींत निपचित पडून राहतात. लघवीत भरपूर उतरणारे औषधही पेशीच्या आत पुरेसे पोचेलच असे नाही. अमेरिकेतील सेंट लुईस येथे स्कॉट हल्टग्रेन यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगांत हे दाखवले.

त्याहून विलक्षण तऱ्हा एल-रूपांची. पेनिसिलिनसारखी औषधे जीवाणूची पेशीभित्ती बांधू देत नाहीत. काही जीवाणू मग भित्तीवाचूनच जगतात: लांबट दांडीचा मऊ, वेडावाकडा गोळा होतो. औषधाला मारायला भिंतच उरत नाही. एमी क्लीनेबर्गर यांनी १९३५ मध्ये अशा रूपांचे वर्णन केले. ‘एल’ हे अक्षर लंडनच्या लिस्टर संस्थेवरून आले. २०१९ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी वारंवार संसर्ग होणाऱ्या ३० वृद्ध रुग्णांची लघवी तपासली, तेव्हा २९ जणांत एल-रूपे सापडली. औषध काढून घेतल्यावर साधारण पाच तासांत एका जीवाणूने भित्ती पुन्हा उभारल्याचे चित्रणही त्यांनी केले. हा नाजूक गोळा साध्या पाण्यात फुटतो. लघवीत विरघळलेले पदार्थ त्याला तारून नेतात. नेहमीच्या कल्चर माध्यमात मात्र तो टिकत नाही, त्यामुळे अहवालात दिसत नाही.

अर्थात उलटलेला प्रत्येक संसर्ग या उरलेल्यांचाच नसतो. आतड्यातून नव्याने आलेला ई. कोलायही तीच लक्षणे देतो, आणि दोन्ही वेळचे जीवाणू जनुकीय पातळीवर ताडून पाहिल्याशिवाय जुना कोण, नवा कोण हे खात्रीने सांगणे अवघड असते.