भिंतीवरची बुरशी रक्तात सापडते का?

पावसाळ्यात ठाणे-कळव्यातल्या जुन्या इमारतींत भिंतींना ओल आली की एक समज हमखास फिरतो: रक्त तपासलं की अंगात बुरशीचं किती विष साठलंय ते कळतं. तसं नाही. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष मोजता येतं, हे खरं. पण ते मुख्यतः बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातून, मक्यातून पोटात जातं. अल्ब्युमिन साधारण 20 दिवसांत निम्मं उरतं, म्हणून तो आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांपुरताच. शिवाय त्याचा उपयोग लोकसमूहांच्या अभ्यासात. एकट्यादुकट्याच्या आजाराचं निदान त्यावरून होत नाही. ॲलर्जीची आयजीई चाचणी वेगळी, ती रक्तातली ॲलर्जीची प्रतिपिंडं मोजते, विष मोजतच नाही. खोकला, दम असेल तर डॉक्टरांना दाखवा, गळती बंद करा. आणि बुरशी लागलेले शेंगदाणे फेकाच. भाजल्यानं हे विष पूर्ण जात नाही.