मिनेझिस ब्रागांझा वाडा, चांदर

दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुक्यात, चांदर गावच्या चर्चसमोरील मैदानाच्या कडेला उभे असलेले जुने भाटकारी, म्हणजे जमीनदारी घर. मडगावहून पूर्वेला साधारण 10-12 किलोमीटरवर. घराचा सर्वांत जुना भाग 16व्या-17व्या शतकातला मानतात. आतले सामानसुमान बहुतांशी 18व्या आणि 19व्या शतकातले आहे.

बाहेरून पाहताना रस्त्याकडेने लांबच लांब गेलेली खिडक्यांची रांग दिसते आणि घर एकच वाटते. मधला जिना चढून वर गेले की ते दोन घरांत फुटते. पश्चिमेकडचा भाग मिनेझिस ब्रागांझा कुटुंबाचा, पूर्वेकडचा ब्रागांझा परेरा कुटुंबाचा. एकाच घराण्याच्या या दोन शाखा असल्या, तरी दारे, कारभार आणि घर दाखवण्याची व्यवस्था वेगवेगळी आहे. पाहुण्याने दोन्ही भाग पाहावेत. एक बाजू पाहून परतणाऱ्याच्या हाती अर्धीच गोष्ट लागते.

पूर्वेच्या भागात नाचाचा मोठा दिवाणखाना आहे. खाली संगमरवरी फरशी, वर झुंबरे, आणि पोर्तुगालचा राजा दों लुईस याने घराण्याला भेट दिल्या असे सांगतात त्या दोन उंच पाठीच्या खुर्च्या. घरातल्या देव्हाऱ्यात, म्हणजे खासगी चॅपेलमध्ये, संत फ्रान्सिस झेवियरचे नख जडावाच्या कोंदणात जपलेले आहे. हे घर म्हणजे केवळ श्रीमंती नव्हे. इथे अजून प्रार्थना होते, हे त्या खोलीत उभे राहिल्यावर जाणवते.

पश्चिमेच्या भागाचे वैभव निराळे आहे. चिनी मातीची भांडी, शिसवी फर्निचर तिथेही आहे. पण खरी दौलत म्हणजे सुमारे 5,000 पुस्तकांचा संग्रह. तो लुईस द मिनेझिस ब्रागांझा (1878-1938) यांच्या नावाशी जोडलेला आहे. 1900 साली सुरू झालेल्या ‘ओ हेराल्दो’ या गोव्यातील पहिल्या पोर्तुगीज दैनिकाच्या संस्थापकांपैकी ते एक. पुढे 1911 मध्ये त्यांनी ‘ओ देबाते’ हे वृत्तपत्र काढले. पोर्तुगीज भाषेवर असामान्य प्रभुत्व असलेल्या या माणसाने तीच भाषा पोर्तुगीज राजवटीविरुद्ध वापरली आणि 1930 मध्ये विधिमंडळात गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. त्याच गावात 1891 साली त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य जन्मले. 1928 मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली. राजाच्या खुर्च्या आणि राजसत्तेला जाब विचारणाऱ्याची पुस्तके एकाच छपराखाली नांदावीत, हे या वाड्याचे सर्वांत मोठे मोल आहे. झुंबरे इतरत्रही पाहायला मिळतात. पणजीतील 1871 साली स्थापन झालेल्या ‘इन्स्टिट्यूट वास्को द गामा’ या संस्थेला मुक्तीनंतर याच लुईस यांचे नाव देण्यात आले.

दोन्ही कुटुंबे आपापला भाग स्वतः सांभाळतात. कौले, वासे, दर पावसाळ्यातली गळती यांचा खर्च मोठा असतो, त्यामुळे पाहून झाल्यावर देखभालीसाठी मोकळ्या हाताने द्यावे. दोन्हीकडे वेगळे द्यावे. आत छायाचित्र काढण्याआधी विचारावे. हे वस्तुसंग्रहालय नाही, कुणाचे तरी राहते घर आहे.

चांदरचा इतिहास वाड्याहून कितीतरी जुना आहे. कुशावतीच्या काठचे प्राचीन चंद्रपूर ते हेच. भोज आणि नंतर कदंब या राजघराण्यांची राजधानी. 11व्या शतकात कदंबांनी आपले ठाणे गोपकपट्टणला हलवले. वाड्यापासून जवळच ‘कोट’ या भागात 1929 मध्ये फादर हेन्री हेरास यांनी उत्खनन केले. तिथे शिवमंदिराचे अवशेष आहेत आणि शिर तुटलेला एक नंदी. बहुतेक पर्यटक तिथे जातच नाहीत, याचे वाईट वाटते. वाडा पाहून झाल्यावर अर्धा तास त्या नंदीपाशी अवश्य काढावा.

गावाची आठवण दगडांतच उरली आहे असेही नाही. इंत्रुजाच्या, म्हणजे कार्निव्हलच्या दिवसांत येथील ख्रिस्ती गावकरी मुसळे आपटत ‘मुसळ खेळ’ खेळतात. परंपरेने त्याचा संबंध विजयनगरच्या हरिहराच्या विजयाशी लावला जातो. 6 जानेवारीला तीन रायांचे, म्हणजे बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचे फेस्त (सण) असते. त्या दिवशी राजवेषातली तीन मुले घोड्यांवरून चर्चला येतात. तारीख जुळत असेल तर याच दिवशी यावे.

आसपास पाहण्यासारखे बरेच आहे. लोटलीला फिगेरेदो घराण्याचे घर; केप्याला नदीकाठच्या बागेतला, 1787 साली जुझे पावलो या पाद्रीने बांधलेला ‘पालासियो दो देआंव’. पश्चिमेला कोलवा, बाणावलीचे किनारे आहेतच. पण चांदरशी खरे नाते आहे ते पारोड्याजवळच्या पर्वतावरील चंद्रेश्वर भूतनाथाचे. हे भोजांचे दैवत, आणि चंद्रपूर हे नावही याच चंद्रेश्वरावरून पडले असे मानतात. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, शेवटी पायऱ्या. संध्याकाळी ऊन उतरल्यावर चढावे. माथ्यावरून सासष्टीचे माड आणि भातशेते दिसतात.